काच नव्हतीच तिथे

माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक आडवा व्रण आहे, बोटभर लांब. मी सात महिन्यांची असताना माझं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. सदऱ्याची बाही उलटी होऊन आत जाते ना, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकतो, आणि हे साधारण पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांमध्ये जास्त होतं. बाळ थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मधेच एकदम शांत पडतं म्हणून घरच्यांना वाटतं आता बरं वाटतंय, आणि वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं. माझ्या बाबतीत कळायला दीड दिवस गेला.

आणि मला ते हॉस्पिटल "आठवायचं". म्हणजे अगदी स्पष्ट. एक मोठी काच, काचेपलीकडे आई, तिचे हात काचेवर टेकलेले, तोंड हलतंय पण आवाज येत नाहीये. ही आठवण मी कॉलेजमध्ये मैत्रिणींना सांगितली आहे, नवऱ्याला सांगितली आहे, एका डॉक्टरांनाही सांगितली आहे, आणि दर वेळी सांगताना माझा घसा भरून यायचा, हे मुद्दाम लिहितेय कारण पुढे त्याचा संबंध आहे.

मग तीन-चार वर्षांपूर्वी एकदा आईशी बोलता बोलता मी म्हटलं, ती काच आठवते गं मला. आई म्हणाली, काच? कुठली काच? तिथे लाकडी दार होतं. मोठ्ठं दार, आणि ते बंद असायचं. आम्हाला आत सोडतच नव्हते.

मी तिच्याशी वाद घातला. खरंच घातला. ती तिथे होती, तिशीच्या आत होती, पूर्ण शुद्धीत होती, आणि मी सात महिन्यांची होते, तरी मी तिला सांगत होते की तुला नीट आठवत नाहीये. मग मावशीने उलगडा केला. मी सहा वर्षांची असताना तिचा मुलगा झाला, तो दिवस भरण्याआधीच जन्मला होता म्हणून त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं आणि मला उचलून त्या काचेतून बाळ दाखवलं होतं. आईसुद्धा शेजारी होती, काचेवर हात टेकवून. म्हणजे काच खरी, हात खरे, आईसुद्धा खरी, फक्त काचेच्या आतलं बाळ मी नव्हते. आणि मग लक्षात आलं की माझ्या त्या "आठवणीत" मला पाळण्यातलं बाळ पण दिसायचं. मी स्वतःला बाहेरून बघत होते! इतक्या वर्षांत हे मला एकदाही खटकलं नव्हतं.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. ओळखीतल्या एकीचं अकरा महिन्यांचं बाळ भाजून बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होतं, आता घरी आलंय, आणि रोज रात्री दचकून उठतंय. तिला सगळे जण एकच सांगतायत की अगं एवढंसं आहे ते, त्याला काय आठवणार आहे मोठेपणी. आणि दुसऱ्या बाजूने कुणीतरी तिला एका बाईंचा नंबर दिलाय ज्या म्हणे मोठ्या माणसांना पार जन्माच्या क्षणापर्यंत "मागे नेतात" आणि तिथला ट्रॉमा बाहेर काढतात, म्हणजे आत्ता काही केलं नाही तर पोराला पुढे तिथे जावं लागेल अशी भीती. मला दोन्हीचा राग येतो. दोन्ही बाजूंनी त्या बिचारीला फसवलं जातंय, आणि ते का हे सविस्तर लिहिणं गरजेचं वाटतं. मी डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट नाही, पण काचेचा उलगडा झाल्यापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलेय.

पहिली गोष्ट म्हणजे "आठवणं" हा एकच शब्द आपण दोन-तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. १९११ साली जिनिव्हामध्ये एदुआर क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, आजच्या काळात कुणी करू देणार नाही असा. त्यांची एक पेशंट होती जिला नवीन काहीच लक्षात राहायचं नाही, डॉक्टरांची ओळख रोज नव्याने करून द्यावी लागायची. एक दिवस त्यांनी बोटांमध्ये टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला, ती टोचली. थोड्या वेळाने ती घटना तिच्या डोक्यातून पूर्ण गेली. पण परत हात पुढे केला तर तिने तिचा हात मागे घेतला. का, विचारलं तर तिला टोचल्याचं आठवतच नव्हतं, कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात असं काहीतरी ती म्हणाली. म्हणजे घटना गेली, धडा राहिला.

लहान बाळाचं बरंचसं असंच असतं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, कानाच्या आतल्या बाजूला खोल, दोन्हीकडे एकेक. अमुक ठिकाणी, अमुक वेळी, माझ्या बाबतीत असं असं घडलं, ही गोष्टीच्या रूपातली आठवण बांधायचं काम तो करतो आणि जन्मानंतर कितीतरी वर्षं त्याची घडण चालूच असते. भीती शिकणारा भाग वेगळा आहे, अमिग्डाला, आणि तो फार लवकर कामाला लागतो. त्यामुळे बाळ घाबरायला शिकतं, वेदना कुठून येते ते शिकतं, कुणाचा वास आला की सुरक्षित वाटतं ते शिकतं, पण त्याची "गोष्ट" होत नाही. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडने १९०५ मध्ये या कोऱ्या पाटीबद्दल, म्हणजे मोठेपणी पहिल्या काही वर्षांचं काहीच न आठवण्याबद्दल, लिहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं की आपण त्या आठवणी दाबून टाकतो. आज ते कारण फारसं कुणी मानत नाही, पण पाटी कोरी असते हे खरंय. मोठ्या माणसांना पहिली आठवण कुठली असं विचारलं तर सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. कुणाची अडीचची, कुणाची पाचची. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांची सरासरी तीन वर्षांच्याही अलीकडे आली होती, साधारण दोन वर्षं आठ महिने. त्यांच्याकडे जुन्या गोष्टी, घराण्याच्या गोष्टी मुलांना सतत सांगितल्या जातात, म्हणजे आठवण नुसत्या मेंदूत बनत नाही, ती बोलण्यातही बनते असं दिसतं.

बोलण्यावरून एक प्रयोग सांगते, मला तो फार आवडतो. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन या दोघींनी २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. एक मशीन बनवलं, त्यात मोठं खेळणं टाकायचं, दांडा फिरवायचा, दिवे लागणार, आवाज होणार आणि दुसऱ्या बाजूने तेच खेळणं छोटंसं होऊन बाहेर येणार. २७, ३३ आणि ३९ महिन्यांच्या मुलांना ते खेळायला दिलं. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत गेल्या. मुलांना फोटो ओळखता आले, मशीन कसं चालवायचं ते करून दाखवता आलं. पण तोंडाने सांगताना एकाही मुलाने असा शब्द वापरला नाही जो त्या पहिल्या दिवशी त्याला येत नव्हता. मधल्या काळात ते शब्द शिकून झाले होते, चांगले बोलायला लागले होते, तरी जुनी आठवण नव्या शब्दांत उतरली नाही. मी हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिले. कारण सात महिन्यांच्या बाळाकडे तर एकही शब्द नसतो.

आता कुणी म्हणेल की मग बाळाच्या मेंदूत काहीच नोंद होत नाही. तसंही नाही! कॅरोलिन रोव्ही-कोलियर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाळाच्या पायाला रिबिन बांधायच्या आणि रिबिनीचं दुसरं टोक वर टांगलेल्या खेळण्याला, म्हणजे पाय मारला की खेळणं हलतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ हे शिकतं, आणि तीन महिन्यांच्या बाळाला ते आठवडाभर लक्षात राहतं, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. आणि २०२५ च्या मार्चमध्ये येल विद्यापीठाच्या ट्रिस्टन येट्स, निक टर्क-ब्राऊन वगैरेंनी २६ बाळांवरचं काम छापलं, चार ते पंचवीस महिन्यांची बाळं, जागी असताना एमआरआयमध्ये. (जागं बाळ त्या मशीनमध्ये शांत ठेवणं म्हणजे काय हे ज्यांनी बाळ वाढवलंय त्यांना सांगायला नको.) बाळांना चित्रं दाखवली, थोड्या वेळाने तेच चित्र एका नव्या चित्राशेजारी दाखवलं. जे चित्र बाळाने ओळखलं, म्हणजे ज्याच्याकडे जास्त वेळ बघितलं, ते पहिल्यांदा बघताना बाळाचा हिप्पोकॅम्पस जास्त सक्रिय होता, आणि हे एक वर्षाच्या पुढच्या बाळांमध्ये जास्त ठळक होतं. म्हणजे लिहायचं काम सुरू झालेलं असतं. मग लिहिलेलं जातं कुठे?

याचं एक उत्तर उंदरांकडून आलंय. पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन यांच्या टोरांटोमधल्या लॅबने २०१४ मध्ये दाखवलं की पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी इतक्या वेगाने तयार होत असतात की जुन्या जोडण्या विस्कटतात, आणि नव्या पेशी बनायचा वेग कमी केला की पिल्लं कमी विसरतात. २०१८ मध्ये त्याच लॅबने पिल्लू असताना शिकलेली भीती, जी उंदीर मोठेपणी पूर्ण विसरला होता, ती त्या वेळच्याच पेशी प्रकाशाने चेतवून परत आणली. आता हे वाचून लगेच "बघा, सगळं आत साठलेलं असतं" असं म्हणणारे खूप आहेत, त्या नंबरवाल्या बाई पण कदाचित हेच सांगतील. पण त्या उंदरांमध्ये कुठल्या पेशी चेतवायच्या ते आधीच खुणा करून ठेवलेलं होतं, जनुकं बदललेली होती, मेंदूत प्रकाशाची तार होती. डोळे मिटून खोल श्वास घेतल्याने ते होत नाही. आणि उंदराकडून परत आलं काय तर जागच्या जागी थिजून जाणं. चित्र, चेहरे, संवाद नाही.

बरं, ही झाली खेळणी आणि चित्रं. खरोखर भयंकर काही घडलं तर? लोकांना वाटतं की एवढं मोठं असेल तर कोरलंच जाईल. यावर मला सगळ्यात विचार करायला लावणारं काम लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञांचं वाटतं. त्यांनी १९८८ मध्ये अशा २० मुलांबद्दल लिहिलं ज्यांच्यावर पाच वर्षांच्या आत काहीतरी भयंकर ओढवलं होतं आणि ते नेमकं काय, त्याचे पुरावे उपलब्ध होते. यात पुराव्यांना फार महत्त्व आहे, कारण नुसतं मुलांच्या सांगण्यावर विसंबायचं नव्हतं. निष्कर्ष असा की साधारण २८ ते ३६ महिन्यांच्या आधी घडलेलं मुलांना शब्दांत सांगता येत नव्हतं, आलं तरी तुकडे तुकडे. पण वागण्यात ते होतं. खेळात तेच तेच परत यायचं, विशिष्ट गोष्टीची भीती असायची, आणि जे कागदोपत्री नोंदलेलं होतं त्याच्याशी ते जुळायचं. अगदी लहान मुलांमध्ये सुद्धा. कॅरोल पीटरसन यांनी पडून हाड मोडलेल्या, टाके घातलेल्या मुलांना नंतर वर्षानुवर्षं भेटून विचारलं, तिथेही तसंच, घटनेच्या वेळी दीड वर्षाच्या आतली असलेली मुलं पुढे बोलायला लागली तरी बहुतेकांना काही सांगता आलं नाही, सव्वादोनच्या पुढची मात्र बरंच सांगू शकली.

मग शब्दांत येत नाही म्हणजे दुखलंच नाही, असा अर्थ काढायचा का? हा अर्थ काढला गेलाय. आणि त्याची किंमत बाळांनी मोजलीय, म्हणून मला "त्याला काय आठवणार" हे वाक्य सहन होत नाही.

१९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांची, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची ऑपरेशन्स जगात ठिकठिकाणी पुरेशी भूल न देता व्हायची. हलू नये म्हणून स्नायू ढिले पडायचं औषध द्यायचे, पण वेदना थांबवायचं औषध नाही किंवा अगदी नावाला. कारणं अशी की बाळाच्या नसा अजून पक्व नाहीत, भुलीचा धोका जास्त, आणि तसंही त्याला काही लक्षात राहत नाही. कन्वलजीत आनंद हे डॉक्टर तेव्हा ऑक्सफर्डमध्ये होते, त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशनहून परत आलेली बाळं फार वाईट अवस्थेत असतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटाला नेहमीच्या पद्धतीने आणि दुसऱ्याला त्यात फेंटानिल हे वेदनाशामक वाढवून. १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांना फेंटानिल मिळालं त्यांच्या रक्तात ताणाचे हार्मोन्स कितीतरी कमी उसळले आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्यानंतर चित्र बदलायला लागलं. १९८७! मी तोवर दोन वर्षांची होऊन गेले होते. माझ्या ऑपरेशनचे कागद कुठे राहिले नाहीत, आणि मला त्या भुलीबद्दल रात्री-अपरात्री विचार करायची सवय लागली होती ती आता कमी झालीय.

आणि १९९७ चा ॲना टॅडिओंचा अभ्यास, टोरांटोचाच, ८७ मुलगे. काहींची जन्मानंतर सुंता झाली होती, काहींची नाही. ज्यांची झाली त्यातल्या काहींना आधी बधिर करणारं क्रीम लावलं होतं, काहींना नुसतंच दिसायला तसं असलेलं क्रीम. चार-सहा महिन्यांचे झाल्यावर लस टोचताना त्यांचे चेहरे आणि रडणं रेकॉर्ड केलं, आणि बघून गुण देणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं ते सांगितलं नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास झाला तो क्रीमविना कापलेल्या बाळांना, सगळ्यात कमी ज्यांना कापलंच नव्हतं त्यांना, आणि क्रीमवाले मधे. पहिल्या काही दिवसांतली काही मिनिटं, आणि महिन्यांनंतर मांडीवरच्या सुईला दिलेला प्रतिसाद. याला आठवण म्हणायचं की नाही यावर शब्दांचा वाद घालता येईल, पण शरीराची वेदनेची पट्टी बदलली होती एवढं नक्की. त्या क्लापारेदच्या पेशंटचा हात.

अजून एक, जे मला आईमुळे कळलं. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीची फिल्म काढली होती, साध्या ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये, आई-वडील जवळ राहत नसताना. त्या काळात पालकांना फारसं भेटू द्यायचे नाहीत कारण ते येऊन गेले की मुलं रडतात, आणि न भेटलं की मुलं "शांत होतात". रॉबर्टसन आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी सांगितलं की ते शांत होणं नाहीये. आधी मूल निषेध करतं, आक्रोश करतं, मग आशा सोडतं, आणि मग तुटतं, आई आली तरी तिच्याकडे बघत नाही. ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये सरकारी समितीने शिफारस केली की पालकांना मुलांना भेटू द्या. हे मी आईला वाचून दाखवत होते. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, चार दिवसांनी मला आत सोडलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी हाक मारली तर मान फिरवलीस. तीन दिवस. मला वाटलं ऑपरेशनमध्ये काहीतरी बिघडलं, तुला दिसत नाहीये.

चाळीस वर्षांत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि ही पण तेवढ्याच जोराने सांगायची आहे. शरीरात काहीतरी राहतं याचा अर्थ त्याचं चित्र आत कुठेतरी पेटीत पडून आहे आणि किल्ली मिळाली की उघडेल असा होत नाही. जाँ पियाजे, मुलांच्या विचारांवर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्याला दोन वर्षांचा असताना पॅरिसमध्ये बाबागाडीतून कुणीतरी पळवायला आलं होतं ते स्वच्छ आठवायचं. सांभाळणारी बाई कशी लढली, तिच्या चेहऱ्यावर कसे ओरखडे उमटले, पोलीस कसा आला, सगळं. तो पंधरा वर्षांचा असताना त्या बाईने पत्र लिहून कबूल केलं की तिने ते सगळं रचलं होतं, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ परत केलं. घरात ऐकलेल्या गोष्टीवरून त्याने चित्र तयार केलं होतं. माझ्या काचेसारखंच. मला हे वाचून इतका दिलासा मिळाला की सांगता येत नाही, पियाजेला होऊ शकतं तर कुणालाही होऊ शकतं.

आणि हे ठरवून घडवताही येतं, हा भाग गंभीर आहे. निकोलस स्पॅनोस आणि सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की तुमच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी तुमच्या पाळण्यावर रंगीत खेळणं टांगलेलं असणार, आणि मग काहींना संमोहनाने, काहींना नुसतं मार्गदर्शन करून "मागे नेलं". दोन्ही प्रकारे बऱ्याच लोकांना जन्माच्या दुसऱ्या दिवसाच्या आठवणी आल्या, आणि त्यातल्या अनेकांना त्या अगदी खऱ्या वाटल्या. २०१८ मध्ये शझिया अख्तर, मार्टिन कॉनवे वगैरेंनी ६,६४१ लोकांच्या पहिल्या आठवणी गोळा केल्या तर ३८.६ टक्के लोकांनी दोन वर्षं किंवा त्याआधीची आठवण सांगितली, ८९३ जणांनी तर एक वर्ष किंवा त्याच्या आतली. हे लोक खोटं बोलत नव्हते. बाबागाडी, फोटो, घरात ऐकलेलं, सगळं मिळून एक चित्र होतं आणि ते इतक्या वेळा बघितलं जातं की आपलंच होऊन जातं.

म्हणून कुणी म्हणालं की तुमच्या आजच्या सगळ्या त्रासाचं मूळ बाळपणीच्या घटनेत आहे आणि आपण ती सेशनमध्ये शोधू, तर तिथून उठून यावं असं मला वाटतं. १९८० आणि ९० च्या दशकात अमेरिकेत अशा "परत आलेल्या" आठवणींवरून घरं फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. आणि घसा भरून येणं हा पुरावा नाही. माझा यायचा ना, दर वेळी, नसलेल्या काचेसाठी.

मला मनगटं कुणी धरलेली चालत नाहीत. गमतीत सुद्धा नाही, रक्तदाबाचा पट्टा चालतो पण मनगट धरलं की मला घाम फुटतो. सलाईनसाठी माझे हात फळीला बांधून ठेवले होते असं आई सांगते. हे दोन्ही मला माहीत आहे, आणि त्यांच्यामध्ये बाण काढायचा मोह मी आवरते, कारण हात कुणी धरलेला न आवडणारी, कधीच हॉस्पिटलमध्ये न गेलेली माणसंही असतातच. असंख्य बाळांची सरासरी काढून असं होतं म्हणणं वेगळं आणि एका माणसाच्या एका भीतीकडे बोट दाखवून ही तिथून आली म्हणणं वेगळं. मला त्या भीतीवर काम करायला कारण सापडायची गरजही पडली नाही, थेरपिस्टबरोबर आत्ताच्या मनगटावर, आत्ताच्या घामावर काम केलं, बराच फरक पडला.

त्या मैत्रिणीला मी फोनवर जे सांगितलं ते इथेही लिहिते. बाळाला ही घटना गोष्ट म्हणून आठवणार नाही, जवळजवळ नक्कीच. पण आत्ता तो शिकतोय, आणि आत्ताच त्याला दुसरं काहीतरी शिकवता येतं. रात्री उठला की जवळ घे, सवय लागेल वगैरे बाजूला ठेव. ड्रेसिंगच्या वेळी तू किंवा त्याचा बाबा तिथेच थांबा, वेदना कमी करायचं औषध आधी द्या असं स्पष्ट विचारा, विचारायला लाजू नका. सुई टोचताना अंगावर पाजलं किंवा छोट्या बाळाला उघड्या छातीशी धरलं तर त्याला कमी दुखतं हे तपासून सिद्ध झालेलं आहे. खूप आठवडे झाले तरी दचकणं, चिकटून राहणं कमी झालं नाही तर लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्याकडे जा. २०१३ पासून डॉक्टरांच्या निदानाच्या यादीत सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या आघातानंतरच्या त्रासाचे निकष वेगळे दिलेत, म्हणजे एवढ्या लहानाला असं काही नसतं हे म्हणणं आता जुनं झालं.

ती रडत होती. म्हणाली पण झालेलं राहिलंच ना आत. मी तिला रोमानियातल्या मुलांबद्दल सांगितलं. १९८९ नंतर तिथल्या अनाथालयांतून, जिथे बाळांना कुणी उचलूनही घ्यायचं नाही, अशी मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली आणि मायकल रटर यांच्या संशोधक गटाने रोमानियातून आलेल्या १६५ दत्तक मुलांना मोठं होईपर्यंत बघितलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ तिथे काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढेही अडचणी राहिल्या, हे खरंय. पण ज्यांना सहा महिन्यांच्या आत घर मिळालं ती मुलं पुढे जवळपास इतर मुलांसारखीच निघाली, सुरुवातीचे महिने इतके भयंकर असूनही. मग तुझा तर इतके दिवस तुझ्याजवळ होता, तू दाराबाहेर नव्हतीस, असं मी म्हटलं आणि माझाच आवाज गेला.

गेल्या आठवड्यात आईला म्हटलं, मला परत सांग सगळं, पहिल्यापासून, मी लिहून घेते. माझ्याकडे काही नाहीये, जे आहे ते तुझ्याकडेच आहे. तिने सांगितलं. दाराला हिरवा रंग होता, खाली थोडी फट होती, आणि ती त्या फटीपाशी भिंतीला टेकून बसायची कारण तिथून आवाज यायचा. आत सात-आठ बाळं होती. पहिल्या दिवशी तिला सगळ्यांची रडणी सारखीच वाटली. दुसऱ्या दिवसापासून माझं रडणं तिला वेगळं काढता यायला लागलं. ते कसं होतं, मी विचारलं, तर तिने तोंडाने करून दाखवलं, दोन छोटे हुंदके आणि मग एक लांब. मी ते लिहून घेतलं.